घाम येणारा नायक

पाचशे वर्षं वयाचा नवरदेव आणि नुकती विशीला टेकलेली नवरी. आमच्या तालुक्यात असं स्थळ कोणी सुचवलं तर त्याला चहासुद्धा न पाजता वाटेला लावतील. सारा जे. मास यांच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' या मालिकेत मात्र ते झकास जमतं. पहिला भाग २०१५ सालचा, दुसरा त्याच्या पुढच्या वर्षीचा. त्या दुसऱ्या भागापासून ऱ्हिसँड नावाच्या पंखवाल्या, शतकानुशतकं जगलेल्या सरदारावर जगभरच्या वाचक बाया जीव ओवाळून टाकतात. माझी पुतणी त्यांतलीच एक. ती अमरावतीला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करते. सुट्टीत येताना कपड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त आणते आणि जाताना ती माझ्याकडे टाकून जाते. रोमान्स आणि फँटसीचं हे जे नवं सोयरपण जुळलंय, ज्याला तिकडे 'रोमँटसी' म्हणतात, ते मी असं फुकटात वाचते. आणि फुकटात वाचणाऱ्याची मतं जरा जास्तच पक्की असतात.

माझं वाचन होतं ते हिवाळ्यात, हरभऱ्याच्या ओलितावर. थ्री-फेज लाइन आठवड्यातले काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की आम्ही दोघं नवरा-बायको वावरात जातो. स्प्रिंकलरचा सेट एकदा लावला की तो दोन-तीन तास आपला फिरत राहतो, मग पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे. तेवढ्या वेळात डोक्याला बॅटरी बांधून मी वाचते. मध्येच एखाद्या नोझलमध्ये कचरा अडकतो आणि ते फिरायचं सोडून एकाच जागी पिचकारी मारायला लागतं. मग पुस्तक ओट्यावर उपडं ठेवायचं, चिखल तुडवत जायचं, बाभळीच्या काट्यानं भोक मोकळं करायचं, आणि बाह्या निथळत परत यायचं. पुस्तकाची पानं फुगतात, पुतणी बोंबलते. सासूबाईंचा प्रश्न वेगळाच. "काय वाचून राह्यली वं एवढं? पेपर हाय का उद्या?"

खरं म्हणजे आमच्या नदीकाठच्या माणसाला रोमँटसीचं नवल वाटायला नको. वर्धा नदीच्या पलीकडे कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. भावानं शिशुपालाशी ठरवलेलं लग्न मोडायला तिनं स्वतः कृष्णाला निरोप धाडला आणि अंबिकेच्या देवळातून निघून थेट त्याच्या रथात बसली. तेराव्या शतकात महानुभाव कवी नरेंद्रानं त्यावर 'रुक्मिणीस्वयंवर' रचलं. दमयंती इथलीच. अगस्तीची लोपामुद्रा, अजाची इंदुमती, त्याही विदर्भाच्याच लेकी. पुराणातल्या प्रेमकथांना नवरे कुठकुठून मिळाले असतील, पोरी मात्र पुष्कळशा आमच्याकडून गेल्या.

त्यातली दमयंती माझ्या कामाची. महाभारताच्या वनपर्वातली तिची गोष्ट आजच्या कुठल्याही प्रकाशकानं रंगीत कडांची आवृत्ती काढून विकावी अशी आहे. बोलणारा हंस प्रेम जुळवून देतो, इंद्र, अग्नी, वरुण आणि यम तिच्यासाठी स्वयंवराला येतात, आणि चौघेही नळाचंच रूप घेऊन नळाच्या शेजारी बसतात. पाच सारखे पुरुष. दमयंती देवांनाच साकडं घालते आणि मग तिला खुणा दिसू लागतात. चौघांच्या पापण्या लवत नाहीत, अंगाला घाम नाही, धूळ नाही, गळ्यातली फुलं टवटवीत, पाय जमिनीला टेकत नाहीत, सावली पडत नाही. पाचव्याची माळ कोमेजलेली, अंगावर धूळ आणि घाम, पापण्या लवतात, सावली पडते. ती माळ घालते त्या पाचव्याला.

नव्या कादंबऱ्या वाचताना मी हीच परीक्षा घेते. यात घाम कोणाला येतो?

ऱ्हिसँड नापास. त्याला सगळं येतं, सगळं माहीत असतं, आणि दुष्टपणा केला तरी तो नाटकच होतं असं पुढच्या भागात निघतं. फेअर, म्हणजे नायिका, सुरुवातीला मात्र पैकीच्या पैकी मार्क घेते. पहिल्या भागाची पहिली प्रकरणं मला फार आवडली. भुकेचा हिवाळा आहे. बापाचा व्यापार बुडालाय, देणेकऱ्यांच्या माणसांनी त्याचा गुडघा फोडलाय, आणि धाकटी पोर बर्फात शिकार करून सगळ्यांना खाऊ घालते. तिला वाचता येत नाही. दुसऱ्या भागात तो सरदार तिला वाचायला शिकवतो तेव्हा गिरवायला वाक्यं देतो ती स्वतःच्याच कौतुकाची. तिथे तो क्षणभर माणूस वाटला, कारण असा चावटपणा माणसंच करतात. पण महालात पोचल्यावर पुस्तकातली भूक जी नाहीशी होते ती होतेच. पुढे नुसते गाऊन आणि गॅलऱ्या.

रिबेका यारोस यांच्या 'फोर्थ विंग'वर आमच्या घरात जास्त भांडण आहे. २०२३ साली ते आलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिसरा भाग 'ओनिक्स स्टॉर्म' आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याच्या २७ लाखांवर प्रती खपल्या. व्हायलेट ही पोरगी पुस्तकांत रमणारी, लेखनिकांच्या शाखेत जायचं म्हणून तयारी केलेली. पण आई सेनापती, ती तिला ड्रॅगनस्वारांच्या शाखेत ढकलते. तिथे कितीतरी मुलं परीक्षेतच मरतात. हिचे सांधे निखळतात, ड्रॅगनच्या पाठीवर तिला पकड धरता येत नाही, म्हणून तिच्यासाठी खोगीर करावं लागतं. हे खोगीर मला फार पटलं. निवडलेल्या नायिकेलाही पाठीवरून घसरायला होतं आणि त्यावर उपाय पट्ट्याबकलांचा करावा लागतो, हे किती शहाणपणाचं! लेखिकेला स्वतःला सांध्यांचा तसाच आजार आहे, ते वाचताना जाणवतं.

तिचा झेडन मात्र पुन्हा त्याच साच्यातला. गंमत अशी की त्याची विद्या सावल्यांची आहे. हातानं सावल्या खेळवतो, भिंतीवरून सरकवतो, शत्रूचा गळा आवळतो, पण स्वतःची सावली काही त्याला पडत नाही.

ड्रॅगनबद्दलही माझी तक्रार आहे. टेर्न नावाचा तो काळा, अजस्र प्राणी डोक्यात शिरून बोलतो, टोमणे मारतो, लाडानं रागावतो. वाचायला मजा येते. पण तो जनावर वाटत नाही, बोलका आजोबा वाटतो. आमच्या जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे, २०१४ साली जाहीर झालेला, देशातला आकारानं सगळ्यात लहान. वाघाला मात्र हद्दीची पाटी वाचता येत नाही. एखाद्या गावात पगमार्क दिसले की आठवडाभर रात्रीचं ओलीत बंद, लाइन येऊन जाते आणि हरभरा तहानलेला राहतो. वाघ कोणाला निवडत नाही, कोणाच्या मनात बोलत नाही, आपल्याकडे त्याचं काही कामच नसतं. मोठ्या जनावराची खरी भीती तिथे आहे. फँटसी लिहिणारे ही भीती फार लवकर माणसाळवून टाकतात.

नाओमी नोविक यांनी तसं केलं नाही. 'अपरूटेड' हे त्यांचं २०१५चं पुस्तक, त्याला नेब्युला पुरस्कार मिळालाय. पोलंडच्या लोककथांवरची गोष्ट आहे. एका खोऱ्याच्या कडेला जंगल, नुसतं 'जंगल' म्हणूनच ओळखलं जाणारं. ते गावं गिळतं, माणसं नेतं, आणि नेलेलं माणूस परत आलं तर त्याहून वाईट. तरी खोऱ्यातली माणसं तिथून उठून जात नाहीत. माझं माहेर झाडीपट्टीतलं, ब्रह्मपुरीकडचं. उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया मी लहानपणापासून पाहिल्यात. कोण कुठे, कोणत्या वर्षी वाघानं नेली, ते सांगत सांगत त्याच वाटेनं जाणाऱ्या. शहरातला वाचक विचारेल, एवढं आहे तर जातात कशाला? नोविकबाईंना तो प्रश्न पडत नाही, आणि म्हणूनच मला त्या आमच्याकडच्या वाटतात. त्यांची आग्निएश्का अंगात घातलेला नवाकोरा झगाही तासाभरात फाडून, माखून, गवताच्या काड्या लावून येते. दमयंतीच्या परीक्षेत थेट पहिली. तिचा जादूगार शंभरी उलटलेला, तिरसट, आणि त्या दोघांचं प्रेम हाच पुस्तकातला सगळ्यात पातळ भाग आहे. जीव लागतो तो तिच्या मैत्रिणीत, काशात. जंगलानं ओढून नेलेल्या काशाला आणायला ती जाते ती प्रकरणं वाचताना दोन नोझल बंद पडलेली मला कळलीच नाहीत. ह्यांनी हाक मारली तेव्हा कळलं.

पण त्यांचं २०१८चं 'स्पिनिंग सिल्व्हर' मी कोणाला द्यायला तयार नाही. पुतणीलाही ते इथेच बसून वाचावं लागतं. सावकाराची मुलगी नायिका आहे. आमच्या भागात ही दोन शब्दांची ओळख ऐकूनच माणूस पुस्तक खाली ठेवेल, आणि त्याचं कारण मी सांगायला नको. अवैध सावकारीत गिळलेली जमीन परत मिळायची वाट राज्याला २०१४च्या कायद्यात लिहावी लागली, यावरून काय ते समजावं. तर ही मिर्येम. बाप ज्यू, सावकारी करतो, पण वसुली त्याला जमत नाही. दारोदार जाऊन हात हलवत परत येतो. बायकोच्या हुंड्याचा पैसा लोकांच्या घरात, आणि स्वतःच्या घरात चूल थंड. आई आजारी पडते तेव्हा मिर्येम वही घेऊन निघते. दार वाजवते, उभी राहते, पैसे नसतील तर अंडी घेते, कोंबडी घेते, पण घेते. गाव तिला शिव्या घालतं. ती हळूहळू आतून बर्फासारखी होत जाते, आणि खरोखरच बर्फाचा राजा एक दिवस चांदीची थैली घेऊन दारात येतो की हिचं सोनं करून दे. लोककथेत पेंढ्याचं सोनं जादूनं होतं, इथे चांदीचं सोनं निदान सुरुवातीला तरी जादूनं होत नाही. ती चांदी शहरात नेते, सोनाराकडून घडवून घेते, सरदाराला विकते आणि सोनं आणते. व्यापार हीच तिची जादू.

आणि दुसऱ्या बाजूला वांडा. दारुड्या बापाच्या कर्जापायी मिर्येमच्या घरी कामाला लावलेली पोर. पाडव्याला साल धरून राहणारे गडी आमच्याकडे अजून आहेत, त्यामुळे हे प्रकरण मी दात आवळून वाचायला घेतलं. आता रडगाणं येणार अशी माझी खात्री. पण वांडाला आनंद होतो! तिला तिथे पोटभर खायला मिळतं, बापाचा मार चुकतो, आणि मिर्येम तिला हिशेब शिकवते. वहीतल्या आकड्यांना वांडा जादूच समजते. कर्ज देणारीची लेक आणि कर्ज घेणाऱ्याची लेक, सुरुवातीला दोघींच्या तोंडून आळीपाळीनं गोष्ट येते, आणि वाचणारा कोणा एकीच्या बाजूला निवांत बसू शकत नाही. ज्यूंना तिथे बाकीचे बरेच धंदे बंद होते, म्हणून पैसा व्याजी लावणं पदरी आलं, ही बाजूही लेखिका कुठे भाषण न देता ठेवते. आमच्याकडच्या सावकारीवर लिहिलेलं मी पुष्कळ वाचलंय. सावकाराच्या घरातली चूल थंड असलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

ट्रॅव्हिस बाल्ड्री यांचं 'लेजंड्स अँड लाटेज' हे मध्ये तोंड गोड करायला. २०२२चं. लढाया सोडून कॉफीचं दुकान टाकणारी एक राक्षसीण, बस. जुन्या तबेल्याची डागडुजी, सुतार, बेकरीवाला उंदीर. संध्याकाळी बरं वाटतं, सकाळी आठवत नाही.

निव्वळ रोमान्सकडे मी जरा संशयानं पाहते, कारण त्यात खेडं येतं ते सुट्टी घालवायला. अमेरिकन प्रेमकथांचा एक ठरलेला साचा आहे. शहरातली करिअरवाली मुलगी गावात येते, तिथे शेतकरी नाहीतर लाकूडतोड्या भेटतो, आणि ती शहरातल्या कोटवाल्याला सोडून इथे राहते. आमच्याकडच्या पोरांना हे सांगितलं तर ते विमानाची तिकिटं काढतील. बायोडेटात स्पष्ट लिहून येतं, मुलाकडे शेती असावी, मुलगा शेतकरी नसावा. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या पोरांनी घोड्यांवर बसून, बाशिंगं बांधून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता. लोक व्हिडिओ पाहून हसले. आमच्या गावात कोणी फारसं हसलं नाही.

एमिली हेन्री यांचं 'बुक लव्हर्स', हेही २०२२चंच, मला आवडलं ते याच कारणानं. त्यांनी हा साचा उलटा धरलाय. नोरा ही शहरातली कडक बाई, पुस्तकांची एजंट. तिच्या आयुष्यातले पुरुष गावाकडे जातात आणि तिथल्या गोड पोरीसाठी हिला सोडतात. म्हणजे ज्या कोटवालीला दरवेळी सोडलं जातं, तिचीच ही गोष्ट. बहिणीच्या हट्टापायी ती एका लहान गावात महिनाभर राहायला जाते आणि तिला तिथे शेतकरी भेटत नाही, तिच्याच धंद्यातला, तिच्याइतकाच खडूस संपादक भेटतो. दोघं फोनवर एकमेकांच्या मजकुराला नावं ठेवतात. घाम? येतो. त्याला बापाच्या आजारपणाचा, दुकानाचा, घराच्या ओढीचा. गावानं नोराला सुधारलं वगैरे काही लेखिका म्हणत नाही, याबद्दल मी तिला सात खून माफ केले. चुणचुणीत संवादांचा अतिरेक, हा त्यातला एक.

कॉलीन हूवर यांचं 'इट एंड्स विथ अस' मूळचं २०१६चं. ते तिकडे टिकटॉकनं पुन्हा उचललं. आपल्याकडे टिकटॉक २०२०च्या जूनमध्येच बंद झालं, इथे ते रील्समधून आलं आणि फुटपाथवर पोचलं. गुलाबी मुखपृष्ठ पाहून मी ते बरेच दिवस हातात धरलं नाही. आत मारणारा नवरा आहे. डॉक्टर, देखणा, प्रेम करणारा, आणि मारणारा. लेखिका त्याला राक्षस करत नाही, हे तिचं धाडस. लिलीला तो का आवडतो ते आपल्यालाही कळत राहतं, आणि म्हणून तिनं सोडणं जड जातं. ज्याच्याकडे तिचा ओढा राहतो तो जुना मित्र, ॲटलस, तो मात्र पुन्हा पापणी न लवणारा देव, काही चुकतच नाही त्याचं.

माझं लक्ष सारखं जात होतं ते लिलीच्या फुलांच्या दुकानाकडे. तिचं स्वतःचं, तिच्या नावावरचं. ते नसतं तर शेवट काय झाला असता? आमच्याकडे बाई नवऱ्याच्या वावरात जन्मभर निंदते, वेचते, ओलीत करते, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन केलं तेव्हा गावोगावच्या पुरुषांनी थोडी का होईना जमीन बायकांच्या नावे करून दिली. आमच्या घरात त्या वेळचा तुकडा सासूबाईंच्या नावावर आहे. ही गोष्ट मी त्यांना सांगितली, नवरा मारायचा, दुकान तिचं होतं, ती निघाली. त्या शेंगा सोलत ऐकत होत्या. "दुकान होतं म्हणून," एवढंच म्हणाल्या. समीक्षा म्हणून मला ती पुरेशी वाटते.

असली पुस्तकं हलकी असं म्हणणारे लोक घरात, शाळेत, ग्रंथालयात सगळीकडे भेटतात. त्यांची परंपरा जुनी आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ मध्ये ते सुटले. आज ती कथा वाचून कोणी भुवईही उचलणार नाही. झाडीपट्टीची नाटकंही नाकं मुरडणाऱ्यांनी अशीच बाजूला ठेवली, आणि तिकडे माहेरी दिवाळीनंतर रात्ररात्र मंडप भरतात. तिकीट काढलेला प्रेक्षक प्रेमकथा हलकी की भारी हे विचारत नाही, पण खोटी झाली तर मध्यरात्री उठून घरी जातो. प्रेमकथेत मला जो राग येतो तोही एवढाच, खोटेपणाचा. ड्रॅगन चालतील.

ही सगळी परीक्षा मी दिवाळीत पुतणीला ऐकवली. ऱ्हिसँड नापास, झेडन नापास, आग्निएश्का पहिली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाली, "काकू, तुमच्या नळाले घाम येत होता, हे बराबर. पण तो जुव्यात सगळं हरला, अन् झोपेत तिचं अर्धं वस्त्र कापून तिले जंगलात टाकून गेला ना? त्याले पास करून राह्यल्या तुमी, अन् माह्या झेडनले नापास?"

मी म्हटलं, दमयंतीनं त्याला दुसऱ्यांदा असंच नाही घेतलं. तो बाहुक होऊन, रूप बदलून, दुसऱ्याच्या रथावर सारथी म्हणून आला. तिनं खोट्या स्वयंवराची हूल उठवून त्याला तिथवर आणवलं, दासीला पाळतीवर ठेवलं, त्याच्या हातचं शिजवलेलं मागवून चाखलं, मुलांना त्याच्यापुढे पाठवलं, आणि मग समोर बोलावून जंगलातला जाब विचारला.

"म्हणजे घेतलंच ना शेवटी."

"घेतलं."

"मग झेडनलेही विचारते व्हायलेट जाब. तिसऱ्या भागात पाहा. वाचा अन् मग बोला."

तिसरा भाग सध्या तिच्या रूममेटकडे आहे. रूममेट चंद्रपूरची, आणि तिच्याकडून पुस्तक परत येईपर्यंत होळी उजाडते असा आजवरचा अनुभव आहे.